कियारीची शस्त्रक्रिया : कोणती, कधी आणि कितीला

एमआरआयच्या अहवालात एक ओळ येते : लहान मेंदूचे टॉन्सिल फोरामेन मॅग्नमच्या खाली 8 मिमी उतरलेले, कियारी मालफॉर्मेशन टाइप 1. घरात कुणी हे नाव कधी ऐकलेलं नसतं. मग दोन-तीन ठिकाणी दाखवलं जातं. पहिले डॉक्टर म्हणतात, काही करू नका, नुसतं लक्ष ठेवा. दुसरे म्हणतात, मागचं हाड काढून जागा मोकळी करू, अडीच-तीन लाख धरा. तिसरे सांगतात, मानेत स्क्रू बसवावे लागतील, पाच लाखांच्या पुढे जाईल. एकाच रुग्णाला तीन मतं मिळाली की नातेवाईक साहजिकच आकड्यांची तुलना करू लागतात. पण हे तीन आकडे एकाच गोष्टीचे तीन भाव नाहीत, ते तीन वेगळे निर्णय आहेत. कोणता निर्णय कशावरून घेतला हे कळलं नाही, तर सर्वांत स्वस्त अंदाजपत्रकही महाग पडतं. या आजारात सगळ्यात मोठा खर्च होतो तो दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेचा.

आधी थोडं शरीराविषयी. कवटीच्या तळाशी फोरामेन मॅग्नम नावाचं एक मोठं भोक असतं, त्यातून मज्जारज्जू खाली मानेत उतरतो. काही जणांत कवटीचा मागचा कप्पा जन्मतःच लहान असतो. मग लहान मेंदूची खालची टोकं त्या भोकातून खाली सरकतात आणि बुचासारखी बसतात. या टोकांनाच टॉन्सिल म्हणतात, घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी फिरतं, त्याची वाट अडते. पुष्कळ रुग्णांत मग मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार होते, तिला सिरिंक्स म्हणतात. प्रागमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी 1891 मध्ये या दोषाचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. आपल्याकडे काही जण ‘चिआरी’ही म्हणतात.

लक्षणं नीट ओळखली तर पैसाही वाचतो आणि वेळही. खोकताना, शिंकताना, जोरात हसताना किंवा शौचाला जोर लावताना डोक्याच्या मागच्या भागात कळ येते आणि काही सेकंदांत ओसरते, ही कियारीची खास डोकेदुखी. दिवसभर कपाळ ठणकत असेल तर तिचं कारण बहुधा दुसरं असतं. सिरिंक्स असेल तर हाताकडे बघा. तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजतं आणि बाईला ते फोड दिसल्यावर कळतं. स्पर्श समजतो, पण गरम-थंड समजत नाही. पुढे अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग सुकतो, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. मुलांमध्ये कधी कधी पहिली खूण म्हणजे पाठीचा वाकडा कणा. अशा मुलाला महिनोन् महिने नुसते पट्टे बांधले जातात आणि मानेचा एमआरआय होतच नाही, हे फार वाईट घडतं.

पैसे आधी तपासण्यांवर घाला

शस्त्रक्रियेचा अंदाज मागण्याआधी तपासण्या पूर्ण हव्यात. नुसता मेंदूचा एमआरआय पुरत नाही. मेंदू, कवटी आणि मानेचा सांधा, मानेचा मणका आणि सिरिंक्स किती खाली गेला हे कळण्यासाठी संपूर्ण कण्याचं स्क्रीनिंग, एवढं एकाच वेळी करून घ्या. पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास, म्हणजे सीएसएफ फ्लो स्टडी, त्याच वेळी जोडता येतो. खासगी केंद्रात एका भागाच्या एमआरआयला साधारण 5,000 ते 10,000 रुपये पडतात. तीन भाग वेगवेगळ्या दिवशी केले तर तिप्पट, एकत्र सांगितले तर बहुतेक केंद्रं सवलत देतात, फक्त आधी विचारावं लागतं. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत हाच एमआरआय दोन-तीन हजारांत किंवा योजनेखाली फुकट होतो, पण तारीख उशिराची मिळते.

त्यानंतर कवटी आणि मानेच्या सांध्याचा सीटी स्कॅन, तीन-पाच हजार. आणि शेवटी, पुष्कळदा राहून जाणारा, मान पुढे-मागे वाकवून काढलेला साधा एक्स-रे. काहीशे रुपयांचं काम. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर सरकतात का, हे तो दाखवतो, आणि स्क्रू लागणार की नाही हा लाखांचा प्रश्न बराचसा तिथे ठरतो. हा एक्स-रे किंवा सीटी न बघता कुणी स्क्रूचं अंदाजपत्रक हातात दिलं, तर सही करू नका. तसंच सांधा न तपासता कुणी ‘फक्त हाड काढू’ म्हटलं तरी थांबा. सांधा सैल असलेल्या माणसाचं नुसतं हाड काढलं तर त्रास वाढू शकतो.

सगळ्या तपासण्यांची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर भागत नाही. दुसरं मत घेताना तीच सीडी चालते, तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

आणखी एक कारण आधी तपासलं गेलं पाहिजे. डोक्यात गाठ असेल, पाणी साचलं असेल, किंवा उलट कण्यातून पाणी गळून दाब कमी झाला असेल, तरी टॉन्सिल खाली उतरलेले दिसतात. अशा वेळी इलाज मूळ कारणाचा करायचा. कवटीमागचं हाड काढून तिथे काही साधत नाही.

काहीच न करणं हाही इलाज

टॉन्सिल 5 मिमी किंवा त्याहून जास्त खाली उतरले की अहवालात कियारी लिहिलं जातं. पण अपघातानंतर किंवा साध्या अर्धशिशीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये ते योगायोगाने सापडतं, अशी खूप माणसं असतात. लक्षणं नाहीत आणि सिरिंक्सही नाही, अशांना शस्त्रक्रियेची गरज सहसा नसते. वर्षभराने एकदा तपासणी, जड उचलताना जपणं, नवीन त्रास झाला तर लगेच दाखवणं, एवढं पुरतं. मिलिमीटरचा आकडा एकटा काही ठरवत नाही. 12 मिमी उतरलेला माणूस ठणठणीत असतो आणि 6 मिमीवाल्याचा हात सुकत चाललेला असतो. अहवालातला आकडा दाखवून घाबरवणाऱ्यापासून दूर राहा.

कोणती शस्त्रक्रिया

सर्वांत जास्त केली जाते ती फोरामेन मॅग्नम डिकॉम्प्रेशन. मानेच्या मागे मधोमध चीर, कवटीच्या तळाच्या हाडाचा लहान तुकडा आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढली जाते. दोन ते चार तास, एक दिवस आयसीयू, चार ते सात दिवस रुग्णालयात, मग दीड महिना घरी. इथपर्यंत सर्वांचं एकमत. पुढे दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता म्हणजे हाड काढून थांबायचं, मेंदूवरचं जाड आवरण उघडायचं नाही. शस्त्रक्रिया लवकर आटोपते, पाणी गळण्याचा धोका फार कमी, खर्चही कमी. दुसरा म्हणजे आवरण उघडून तिथे ठिगळ लावायचं, म्हणजे ड्युराप्लास्टी. त्यात जागा जास्त मोकळी होते. आजवरच्या अभ्यासांचा कल असा की ठिगळ लावल्यावर सिरिंक्स ओसरण्याची शक्यता जास्त आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी येते. पण पाणी गळणं, चिरेखाली पाण्याचा फुगा येणं, जंतू नसताना मेंदूच्या आवरणाला सूज येणं, हे त्रासही याच रस्त्यावर जास्त. म्हणून लहान मुलाला सिरिंक्स नसेल तर अनेक सर्जन पहिला रस्ता घेतात, मोठ्या माणसात मोठा सिरिंक्स असेल तर दुसरा. तुमच्या सर्जननी कोणता आणि का निवडला, हे विचारण्यात काही गैर नाही. चांगला सर्जन दोन मिनिटांत सांगतो.

ठिगळ कशाचं, यावर बिलात बराच फरक पडतो. रुग्णाच्याच कवटीवरचा पातळ पडदा त्याच चिरेतून काढून शिवता येतो, त्याला वेगळा खर्च नाही. तयार कृत्रिम किंवा प्राण्याच्या पडद्यापासून केलेलं ठिगळ, त्यावर लावायचा जैविक गोंद, असं मिळून बिलात तीस-चाळीस हजारांची भर सहज पडते. काही रुग्णांत स्वतःचा पडदा पुरत नाही, तेव्हा तयार ठिगळ योग्यच. पण ‘आयातीचं म्हणजे चांगलं’ हे गणित इथे खरं नाही.

तिसरी शस्त्रक्रिया म्हणजे पहिला आणि दुसरा मणका स्क्रूने जोडणं. इथे मुंबईचा मोठा वाटा आहे. तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. विजय लाहेरी यांनी पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भागात आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू घालून प्लेटने जोडण्याची पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीतल्या हार्म्स यांनी 2001 मध्ये तिचा पुढचा प्रकार मांडला आणि आज जगभर ही पद्धत वापरतात. ज्यांचा सांधा सरकतो किंवा दुसऱ्या मणक्याचं टोक कवटीत घुसलेलं असतं, त्यांच्यासाठी हाच मूळ इलाज. डॉ. गोयल त्यापुढे गेले. 2015 मध्ये त्यांनी 65 रुग्णांच्या अनुभवावरून मांडलं की कियारीचं मूळच या सांध्याच्या अस्थिरतेत आहे आणि हाड न काढता सांधा जोडावा. जगातले बहुतेक न्यूरोसर्जन हे सरसकट मान्य करत नाहीत, सांधा सैल दिसला तरच जोडावा असं ते म्हणतात. माझं मत या बहुतेकांच्या बाजूने झुकतं, कारण जोडलेला सांधा परत सोडवता येत नाही. मान वळवण्याची साधारण निम्मी क्षमता याच सांध्यात असते. गाडी मागे घेताना, रस्ता ओलांडताना ते आयुष्यभर जाणवतं. पण सांधा खरोखर सरकत असेल तर मात्र मान वळण्याच्या काळजीने हे ऑपरेशन टाळू नये.

चौथा प्रकार लहान बाळांचा. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांत टाइप 2 कियारी असतो आणि डोक्यात पाणी साचतं, तिथे आधी शंट, म्हणजे ते पाणी दुसरीकडे वळवणारी नळी, लागतो. भारतीय बनावटीचा, शहाजहानपूरला तयार होणारा छाब्रा शंट काही हजारांत मिळतो, आयात केलेला प्रोग्रामेबल शंट त्याच्या कितीतरी पट. युगांडात 195 मुलांवर झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छाब्रा आणि महागड्या आयात शंटच्या वर्षभरातल्या परिणामांत फरक दिसला नाही. आईवडिलांनी दागिने मोडून आयात शंट घ्यावा असं त्यात काही नाही.

कण्याच्या शेवटचा धागा कापून कियारी बरा करतो, असं सांगणारी केंद्रं परदेशात, मुख्यतः बार्सिलोनात आहेत. परदेशी राहणारे आपले लोक त्यांच्या जाहिराती इथल्या नातेवाइकांना पाठवतात. साध्या कियारीसाठी त्याला पुरेसा आधार नाही. पैसे घालू नका.

अंदाजपत्रक कसं वाचायचं

माझ्या माहितीतली ढोबळ पट्टी अशी. हाड काढणं आणि ठिगळ, धर्मादाय किंवा मध्यम रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात सव्वा ते अडीच लाख. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात अडीच ते पाच लाख. सांधा जोडायचा असेल तर त्यावर दीड-दोन लाख चढतात, त्यात टायटॅनियमच्या स्क्रू-रॉडचा वाटा मोठा.

आता कागद हातात घ्या. वर खोलीभाडं, सर्जन फी, भूलतज्ज्ञ, ओटी असे आकडे असतात. खाली तीन-चार ओळींसमोर आकडा नसतो, ‘ॲट ॲक्च्युअल्स’, म्हणजे प्रत्यक्ष लागेल तेवढं, असं लिहिलेलं असतं : इम्प्लांट, कन्झ्युमेबल्स, औषधं, न्यूरोमॉनिटरिंग. फसगत होते ती इथे. त्या प्रत्येक ओळीसमोर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लिहून मागा. ठिगळ कोणतं, स्क्रू कोणत्या कंपनीचे आणि किती, नेव्हिगेशनचे वेगळे पैसे आहेत का, आयसीयूचा दुसरा दिवस लागला तर किती, पाणी गळून पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर त्याचं बिल वेगळं का, हे लिहून घ्या. हृदयाचे स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या कमाल किमती सरकारने 2017 मध्ये बांधल्या. मणक्याच्या स्क्रूंना अशी मर्यादा नाही, फक्त छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून छापील किंमत आणि रुग्णालयाचा दर यांत घासाघीस करायला जागा असते. इम्प्लांटची स्टिकर्स केसपेपरवर लावलेली आहेत का तेही बघा, विम्याला ती लागतात.

महाराष्ट्रात 2021 पासून नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यायची सक्ती करता येत नाही. 5,000 रुपयांवरच्या खोलीच्या भाड्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, तोही धरा.

पैसे कुठून

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची आता सांगड आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कार्डधारक आता पात्र आहेत. मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि सर्जननी लिहिलेलं शस्त्रक्रियेचं नेमकं नाव दाखवून पॅकेज विचारा. सांधा जोडायचा असेल तर तो त्याच पॅकेजात धरला आहे का, हे आधीच स्पष्ट करून घ्या. योजना कॅशलेस आहे. आधी भरलेले पैसे ती परत करत नाही. म्हणून ‘आत्ता भरा, नंतर योजनेतून मिळवू’ असं कुणी म्हटलं तर नकार द्या. मोफत दूरध्वनी 155388. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यूरोसर्जरी विभागही आहे.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी धर्मादाय रुग्णालयांच्या राखीव खाटा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. पुण्या-मुंबईतली कित्येक नामांकित रुग्णालयं यात येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर याचं उत्तर मिळत नाही.

खासगी विमा असेल तर एका शब्दावरून दावा अडतो : जन्मजात. नियम असा आहे की बाहेरून दिसणारा जन्मजात दोष विमा कंपनी वगळू शकते, शरीराच्या आतला नाही. कियारी आतला दोष आहे. ‘कंजेनिटल’ म्हणून दावा फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. पॉलिसी घेण्याआधीच निदान झालं असेल तर ते जाहीर करा, त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. खोलीभाड्याची मर्यादाही तपासा. 5,000 ची मर्यादा असताना 10,000 ची खोली घेतली, तर सर्जन, भूल आणि ओटीच्या फीचीही कंपनी निम्मीच रक्कम देऊ शकते. दोन लाखांच्या त्या खर्चात तुमच्या खिशातून एक लाख जातो, केवळ खोलीमुळे.

डिस्चार्जनंतरचं बजेटही ठेवा : कॉलर, दोन-तीन महिने फिजिओथेरपी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने एमआरआय, दीड महिन्याची बुडालेली मजुरी, आणि गावाहून आलेल्यांना सोबतच्या माणसाच्या राहण्याचा खर्च. सिरिंक्स ओसरायला महिने लागतात. खोकल्याची डोकेदुखी बहुधा चांगली सुधारते, पण सुकलेला हात आणि गेलेली गरम-थंडची जाणीव पुष्कळदा पूर्ण परत येत नाही. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी सांगितली गेली पाहिजे, नाहीतर पैसे वाया गेले असं घरच्यांना वाटत राहतं.

रेशनकार्ड असेल आणि घाई नसेल तर माझा सल्ला सरळ आहे : केईएम, सायन, जे. जे., ससून, नागपूरचं मेडिकल यांच्यासारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी ओपीडीत एकदा तरी मत घ्या. तिथली गर्दी आणि तारखा त्रासदायक आहेत, पण अशा सांध्याच्या केसेस तिथे सतत येत असतात आणि खासगीत जायचं ठरलं तरी ते मत हातात असलेलं बरं. मात्र पाणी पिताना वारंवार ठसका लागणं, आवाज बसणं, झोपेत श्वास थांबणं, चालताना तोल जाणं किंवा हाताची ताकद आठवड्या-आठवड्याला कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर दर विचारत फिरू नका. जवळच्या न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी दाखल व्हा, योजनेची कागदपत्रं घरातल्या दुसऱ्या कुणाला करायला लावा.